रेषा मैदानाचीच असते

"चेंडू बाहेर गेला!" हा वाद आम्ही मैदानावर रोज ऐकतो. नियम समजून घ्या. फुटबॉल व हॉकीत बाजूची रेषा मैदानाचाच भाग असते. जमिनीवरून वा हवेतून संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला, तरच तो बाहेर. खेळाडूचा पाय बाहेर असला तरी हरकत नाही. कबड्डीत मात्र प्रश्न पायाचाच असतो. स्पर्श होण्यापूर्वी बाजूच्या १ मीटर रुंद लॉबीत गेलेला खेळाडू बाद. स्पर्शानंतर तीच लॉबी खेळात धरतात.

रेषेजवळचा खेळाडू हे पंचांच्या आधी पाहतो. त्याने खरे सांगावे.

पालकांना विनंती, सामना पाहताना चुन्याच्या रेषेपासून दोन पावले मागे उभे राहावे. पंचांना रेषा दिसली पाहिजे, आणि वेगात आलेल्या मुलाला थांबायला जागा हवी.