नेम चुकतो, तेव्हा कुणाचं चुकतं?

आयुष्यभर शब्दांचा नेम धरत बसलेल्या माझ्यासारख्या माणसानं रायफलीवर बोलावं, हे जरा अजबच. पण कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. दोघांच्याही हातात होती ती पॉइंट टू-टू बोअरची रिमफायर रायफल.

माझी भाचीही तीच चालवते. एका दिवाळीनंतर तिचा फोन आला. रडवेला आवाज. ‘‘मामू, माझा हातच गेला. दहाच्या ठिकाणी आठ लागतायत.’’ निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलेली. कुणीतरी सांगितलं, नळी संपली, नवी घाला. मेहुणे सोसायटीचं कर्ज काढायला निघाले. सुदैवानं तिच्या जुन्या प्रशिक्षकांनी त्यांना थांबवलं. ‘‘आधी रोग ओळखू, मग औषध आणू,’’ ते म्हणाले. त्यांच्यामागे फिरून मी जे शिकलो, तेच आज सांगतो.

आधी हे काडतूस समजून घेऊ. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो. या छोट्या काडतुसात तो बुडाच्या कडेतल्या पोकळ घडीत भरलेला असतो. पिन कडेवर आपटते आणि बार उडतो, म्हणून रिमफायर. मसाला कडेभर सारखा पसरला नसेल किंवा पिनेचा ठोका कमी-जास्त पडला, तर गोळीचा वेग बदलतो. बदलला तर बिघडलं काय? हिशेब करून पाहा. सेकंदाला ३२० मीटर वेगाची गोळी ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटरनं घटला, की ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं!

प्रशिक्षकांनी प्रथम बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मग ती वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि दुसऱ्या मुरलेल्या नेमबाजाला पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारायला सांगितले. एका गटावरून निकाल द्यायचा नाही. एखादा गट योगायोगानंही चांगला पडतो. त्याचेही गट फाकले. म्हणजे दोष मुलीचा नव्हता. एवढं कळल्यावरच भाचीच्या चेहऱ्यावर रंग आला.

नंतर कागद वाचायचा. सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागत असतील, तर रायफल निर्दोष आहे, साइट फिरवा. गट उभा लांबला, तर वेगातल्या फरकाचा, म्हणजे काडतुसाचा किंवा पिनेचा संशय घ्या; श्वासाची चूकही अशीच दिसते. आडवा पसरला, तर आधी वारा पाहा. आणि एकाऐवजी दोन गट पडू लागले, तर काहीतरी ढिलं आहे. भाचीच्या कागदावर नेमके दोन गट होते.

आता उपायांचा क्रम. फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी; आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला ते कळत नाही. पहिल्यांदा दस्त्याचे स्क्रू आणि साइटची पकड तपासायची. मग काडतुसं. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक असतो आणि एका रायफलीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून नावाजलेले नेमबाज लॉट पारखून मगच साठा करतात. मग सफाई. ती बोल्टच्या बाजूनं, नीट बसणाऱ्या गाइडमधून करायची. पुढून गज घातला, तर तोंडाची कड घासते. आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचाच असतो. नळी लख्ख केल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात, त्याला घाबरायचं नाही. शिशाच्या गोळीवरच्या वंगणाचा थर पुन्हा बसला, की ती स्थिरावते. लॉट किंवा कंपनी बदलल्यावरही तसंच. एवढं करून भागलं नाही, तर पिन, तोंडाची कड, नळी. ती कामं जाणत्या कारागिराचीच.

भाचीच्या रायफलीचं दुखणं पहिल्याच पायरीवर सापडलं. दस्ता लाकडी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगलं, दिवाळीच्या कोरड्या हवेत आकसलं आणि पुढचा स्क्रू सैल पडला. प्रत्येक बाराला लोखंड लाकडात किंचित हलत होतं. प्रशिक्षकांनी मोजून ताण देणारा पाना आणला आणि दोन्ही स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानं आवळले. अंदाजानं नाही, जास्त आवळणंही वाईटच. पुन्हा पाच गट मारले. दोनाचा एक झाला.

चाचणीत तिची निवड थोडक्यात हुकली. सरावाचे दिवस वाया गेले होते, ते कुठून भरून येणार? पण नळी तीच राहिली, मेहुण्यांचं कर्ज वाचलं. आता तिच्या वहीत गुणांशेजारी तीन रकाने आणखी आहेत: काडतुसाचा लॉट, हवा आणि स्क्रूचा ताण. आठ लागला, की ती आधी वही उघडते. स्वतःला दोष द्यायची वेळ आलीच, तर तो त्यानंतर.