खिळा, अंक आणि अक्षर

आपण संगणकावर किंवा मोबाइलवर आपलें नांव लिहितों, तेव्हां तें यंत्र अक्षर ओळखीत नाहीं. तें केवळ अंक ओळखतें. 'युनिकोड' नामक जागतिक यादींत आपल्या 'अ' चा क्रमांक २३०९ आहे. देशोदेशींचीं यंत्रें हीच यादी मानतात, म्हणून पुण्यास लिहिलेलें मराठी पत्र लंडनांत जसेंच्या तसें वाचतां येतें. ज्या चिन्हास क्रमांक नाहीं, तें यंत्राच्या लेखीं नाहींच. या गोष्टीचें महत्त्व कॅनडांतील क्री लिपीच्या इतिहासावरून ध्यानांत येईल.

सन १८४० मध्यें मेथडिस्ट मिशनरी रे. जेम्स एव्हन्स हे नॉर्वे हाउस येथें आले व त्यांनीं क्री भाषा या लिपींत छापण्याचें काम हातीं घेतलें. जवळ छापखाना नव्हता. चहाच्या पेट्यांतील शिसें वितळवून त्यांनीं खिळे ओतले, आणि कातड्यांचे गठ्ठे दाबण्याच्या यंत्रावर पानें छापलीं. क्री लोकांच्या परंपरेप्रमाणें मात्र ही लिपि त्यांच्याच एका वडीलधाऱ्या पुरुषास दैवी देणगी म्हणून लाभली. तिची रचना मोठी सुबोध आहे. कोनाचें टोंक खालीं असल्यास 'पे', वर असल्यास 'पि', उजवीकडे असल्यास 'पो' व डावीकडे असल्यास 'प'. आपण व्यंजनास मात्रा जोडतों. ते व्यंजनच फिरवितात. या रचनेवर देवनागरीचाही ठसा आहे, असें अनेक अभ्यासक मानतात.

यादींतील हिशेब मात्र निराळा आहे. आपल्या 'पे' साठीं 'प' आणि मात्रा असे दोन क्रमांक लागतात. क्री 'पे' चा क्रमांक एकच, ५१६७. सन १९९९ मध्यें क्री, इन्युइट आदि भाषांचीं ६३० चिन्हें यादींत आलीं. तथापि नुनावुत प्रदेशांतील नट्टिलिक बोलीचीं कांहीं चिन्हें राहून गेलीं. पूर्वीं खिळा नसला म्हणजे अक्षर छापतां येत नसे. तशीच गत येथें झाली. ती बोली बोलणाऱ्यांस आपल्याच भाषेंतील शब्द यंत्रावर शुद्ध लिहितां येईनात. अखेर त्यांनीं अक्षररचनाकारांच्या साह्यानें रीतसर मागणी केली, आणि २०२१ सालीं या लिपीचीं जीं १६ नवीं चिन्हें यादींत आलीं, त्यांत त्यांचींही होतीं.

विद्यार्थ्यांनो, भाषा बोलणारे थोडे असोत वा पुष्कळ, प्रत्येकास आपलें नांव शुद्ध लिहितां आलें पाहिजे. आपलीं अक्षरें आपणांस आयतीं मिळालीं आहेत. तीं आपण काळजीपूर्वक व शुद्ध लिहावीं, एवढें तरी आपल्या हातीं आहे.