रात्रीचं पॅरिस आणि अजिंठ्याची रेषा

आजचा विषय पॅरिसच्या चित्रकारांचा आहे आणि आपण जमलो आहोत धाम नदीकाठच्या पवनारला. इथं पॅरिसचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. पण हा रस्ता पॅरिसहून निघून अजिंठ्यावरून थेट आपल्या शिवारापर्यंत येतो. तो कसा, ते पायरीपायरीनं बघू.

सुरुवात १८७४ पासून. त्या वर्षी पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि १८८६ मध्ये आठवं, म्हणजे शेवटचं. या मंडळींनी कॅनव्हास उघड्यावर नेला आणि त्या क्षणाचा प्रकाश पकडला. मोठं काम होतं ते. पण त्यात एक अडचण होती. प्रकाश इतका महत्त्वाचा झाला की झाड, पाणी, माणूस सगळं त्यात विरघळायला लागलं. मग पुढच्या पिढीला प्रश्न पडला, की प्रकाश तर मिळाला, आता माणसाचं काय? या पुढच्या पिढीला आपण उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणतो. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. १९१० मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनासाठी रॉजर फ्राय या समीक्षकानं ते दिलं. तोपर्यंत यातले मुख्य चित्रकार वारलेले होते.

प्रत्येकानं या प्रश्नाचं उत्तर आपापल्या परीनं शोधलं. सरानं शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारीशेजारी ठेवले आणि रंगांचं मिश्रण बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलं. त्याच ठिपक्यांतून त्यानं सर्कशीच्या तंबूबाहेरची, गॅसच्या दिव्यांखालची रात्र रंगवली. व्हॅन गॉग मूळचा डच, पण १८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात होता. तिथला रात्रभर चालणारा कॅफे त्यानं तीन रात्री जागून रंगवला. दिवसा झोपायचं आणि रात्री रंगवायचं. भिंती लालभडक, छत हिरवं. खरा कॅफे कसा दिसतो यापेक्षा तिथं रात्र काढणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते त्याला या दोन रंगांच्या भांडणातून सांगायचं होतं.

आता तुलूझ-लोत्रेककडे येऊ. जन्म १८६४ चा, सरदार घराण्यातला. तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही पाय मोडले आणि त्यांची वाढ खुंटली. उंची जेमतेम पाच फूट राहिली. शिकार आणि घोडेस्वारी हा त्या घराचा थाट, त्यात या मुलाला जागा उरली नाही. तो पॅरिसच्या मोंमार्त्र भागात राहायला गेला आणि तिथले नाचघर, सर्कस, दारूचे गुत्ते हेच त्याचं जग झालं. मूलँ रूझ हे नाचघर १८८९ मध्ये सुरू झालं. १८९१ मध्ये त्यानं त्याचं पोस्टर केलं. शिळाछापाचं, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेलं. मधोमध ला गुल्यू ही नर्तकी, मागं प्रेक्षकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या आणि पुढं तिच्या जोडीदाराची करडी सावली. सपाट रंग आणि ठळक रेषा, बस्स. जपानी छापचित्रं तेव्हा पॅरिसमध्ये पोचली होती आणि ही रेषा तिथूनच आलेली होती.

लोत्रेकचं मोठेपण मात्र पोस्टरच्या झगमगाटावर संपत नाही. त्यानं नाच संपल्यानंतरची बाई रंगवली. खुर्चीत कलंडलेली, मोजे चढवणारी, कंटाळलेली. खिडकीशी टेकून बाहेर बघणारी धोबीणही रंगवली. यात दोन गोष्टी सापडत नाहीत, चटोरपणा आणि कणव. तो त्या बाईची मजा घेत नाही आणि तिच्यावर अश्रूही ढाळत नाही. ती दमली आहे, एवढंच सांगतो. स्वतःवर लोकांच्या नजरा कशा पडतात हे ज्यानं लहानपणापासून सोसलं, त्याला दुसऱ्याकडे कसं बघायचं हे कळलं असावं.

सेझानचंही तसंच. १८९० च्या सुमारास त्यानं एक्स गावच्या आपल्या घरच्या मळ्यावर राबणाऱ्या माणसांना पत्ते खेळताना रंगवलं. गडबड नाही, हसणं-भांडणं नाही. दोन मजूर डोंगरासारखे स्थिर बसलेत. तोवरच्या युरोपीय चित्रांत पत्ते कुटणारा गावकरी म्हणजे बहुतेक वेळा दारुडा किंवा भांडखोर. सेझाननं त्याला राजाच्या चित्राला मिळावी तशी बैठक दिली.

आता अजिंठा. दृक्प्रत्ययवाद्यांची प्रदर्शनं भरत होती साधारण त्याच काळात, १८७२ ते १८८५, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. आपलीच मुलं रेषा गिरवत होती. पण पॅरिसची नवी नजर आणि अजिंठ्याची जुनी रेषा यांची गाठ पुढं पडली, अमृता शेरगिलच्या हातून. १९१३ चा बुडापेस्टचा जन्म, आई हंगेरियन, वडील शीख. १९२९ मध्ये ती पॅरिसला गेली, तिथल्या कलाशाळेत शिकली. सेझान आणि गोगँ तिनं पचवले. १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि दोनेक वर्षांनी अजिंठा-वेरूळला आली, पुढं दक्षिणेत गेली. मग १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी’ ही तीन चित्रं झाली.

अजिंठ्यात तिला काय मिळालं असेल? लेणं क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाच्या चित्रात दरबारात नाच चाललाय, भोवती बायका वाद्यं वाजवतायत. लेणं १७ मध्ये आरशात बघून शृंगार करणारी राजकन्या आणि तिच्या सेविका. म्हणजे बुद्धकथेच्या भिंतीवर रोजचं जगणंही आहे आणि दरबारी मैफलही. शिवाय वाहती रेषा, सपाट रंग आणि शांत, जड पापण्यांचे चेहरे. पॅरिसला जी रेषा जपानकडून मिळाली, तिची दीड हजार वर्षांपूर्वीची नातलग इथं भिंतीवर होती.

आणि इथं पवनार येतं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे आजचं पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे वाशीमची. तिच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, लेणी १६ आणि १७ घडली. सोळाव्या लेण्यातला शिलालेख त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा आहे. तेव्हा अजिंठा आपल्याला परका नाही, तो भाऊबंदांच्या घरचा आहे.

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? विदर्भातल्या शेतकऱ्याचा फोटो डोळ्यांसमोर आणा. भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला माणूस. दुःख खोटं नाही. पण वर्षानुवर्षं तोच एक फोटो बघून आपण त्या माणसाला बघायचंच सोडून दिलंय. तोच माणूस संध्याकाळी पारावर पत्ते खेळतो, पोराच्या लग्नात नाचतो. कापूस वेचून आलेल्या बाया ऑटोत दाटीवाटीनं बसून जोरजोरात हसतात. तमाशातली बाई फडाबाहेर चहा पीत पाय चोळत बसते. ही चित्रं कुणी काढायची?

कणव वाटली की आपण समोरच्याच्या वर जाऊन बसतो. चटोरपणानं बघितलं की त्याची वस्तू होते. लोत्रेक, सेझान आणि अमृता यांनी तिसरी वाट धरली, समोर बसून बघण्याची. तेव्हा पुढच्या वेळी गावातल्या माणसाचा फोटो काढायला मोबाईल वर कराल, त्याआधी त्याच्या शेजारी पाच मिनिटं बसा.