गुन्ह्याची प्रयोगशाळा

रहस्यकथा वाचून माझी समजूत होती की, एकच चतुर माणूस भिंग घेऊन सारा गुन्हा उलगडतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९१० साली फ्रान्समधील लियों येथे एदमों लोकार यांनी न्यायालयाच्या माळ्यावर पोलीस प्रयोगशाळा थाटली, तीही दोन साहाय्यक घेऊन! आपल्याकडे १९५२ साली कलकत्त्यास पहिली राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा निघाली.

अशा प्रयोगशाळेत कामाची वाटणी असते. विषशास्त्रज्ञ व्हिसेऱ्यातील विष शोधतो, जीवशास्त्रज्ञ रक्त व केस तपासतो, शस्त्रतज्ज्ञ काडतुसावरील ओरखडे जुळवतो, तर दस्तऐवजतज्ज्ञ हस्ताक्षर व शाई पाहतो. मात्र मुद्देमाल आला की आधी त्यावरील लाखेची मोहोर शाबूत आहे ना, हे पाहतात. ती फुटलेली असेल, तर उत्तम पृथक्करणही न्यायालयात संशयास्पद ठरते.

‘हाच गुन्हेगार’ असे तज्ज्ञ म्हणत नाही. ‘हे रक्त मानवी आहे’ एवढेच तो सांगतो, निवाडा न्यायाधीशाचा. त्या एका वाक्याने कुणी तुरुंगात जातो, कुणी सुटतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवणारे आपण! मीही त्यांतलाच. आता मात्र ब्युरेट हाती घेताना हात जरा थबकतो.