पदाचा मान आणि पदाचा भार

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की थोड्याच दिवसांत वर्गावर्गांतून निवडणुकीची गडबड उडते. कोणी वर्गप्रतिनिधी होतो, कोणी शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री होतो, तर कोणाकडे क्रीडाविभाग येतो. निवडून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी पदाचा मान तेवढा दिसतो. पदाचा भार ध्यानी येतो तो मागाहून.

सहलीची वर्गणी ज्याच्या हाती येते, त्याला पै न् पैचा हिशेब लिहून ठेवावा लागतो. इतरांना वेळेवर या असे सांगणाऱ्याला आधी स्वतः वेळेवर यावे लागते. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याचीही रास्त तक्रार मुख्याध्यापकांपुढे मांडावी लागते. असे करता करता नीटनेटकेपणा, संयम व निःपक्षपातीपणा हे गुण अंगी बाणू लागतात. सेवा इतरांची घडते. पण घडतो तो सेवा करणारा.

या सर्वांहून अवघड असा आणखी एक धडा आहे. ज्यांच्या नावाने आपण पदावर बसलो, त्यांचा विश्वास खरोखर आपल्यामागे आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचा. दक्षिण आफ्रिकेचे थोर नेते नेल्सन मंडेला यांना हा धडा विद्यार्थिदशेतच मिळाला.

१९४० साली मंडेला फोर्ट हेअर येथील महाविद्यालयात शिकत होते. त्या देशात कृष्णवर्णीयांसाठी उच्च शिक्षणाची दारे फारच थोडी उघडी होती. त्यामुळे तेथील पदवी म्हणजे साऱ्या कुटुंबाची आशा असे. त्या वर्षी मंडेला यांचे नाव विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाच्या निवडणुकीसाठी पुढे आले. भोजन सुधारावे व मंडळाला अधिक अधिकार मिळावेत, या मागण्यांसाठी बहुसंख्य विद्यार्थ्यांनी मतदानावर बहिष्कार घातला. सुमारे दीडशे विद्यार्थ्यांपैकी अवघ्या पंचवीस जणांनी मते दिली आणि सहा प्रतिनिधी निवडून आले. मंडेला त्यांपैकी एक होते. सहाही जणांनी राजीनामे दिले.

प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी रात्रीच्या भोजनाच्या वेळी, सर्व विद्यार्थी हजर असताना, पुन्हा निवडणूक घेतली. मते पुन्हा त्याच पंचवीस जणांनी दिली व तेच सहा जण निवडून आले. या वेळी पाच जणांनी पद स्वीकारले; सर्वांच्या समक्ष निवडणूक झाली, तेव्हा आता हरकत उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंडेला यांना मात्र ते पटेना. हजर राहिलेल्या बहुतेकांनी मत दिलेच नव्हते. मग त्यांचा विश्वास आपल्यावर आहे असे कसे म्हणावे? त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. मंडळात काम करा, नाहीतर महाविद्यालय सोडा, असे प्राचार्यांनी बजावले. मंडेला यांनी महाविद्यालय सोडले.

हा निर्णय त्यांना सोपा गेला नाही. आपण योग्य तेच करीत आहोत काय, ही शंका त्यांनाही छळत होती आणि आत्मचरित्रात त्यांनी ती लपविलेली नाही. पुढे नोकरी सांभाळून, बाहेरून अभ्यास करून त्यांनी पदवी मिळविली. वर्णद्वेषाविरुद्ध लढताना सत्तावीस वर्षे कारावास भोगला. १९९४ साली, सर्व वर्णांच्या लोकांनी मतदान केलेल्या पहिल्या निवडणुकीनंतर, ते राष्ट्राध्यक्ष झाले. आणि १९९९ साली, एकच कार्यकाल पूर्ण करून, आपण होऊन निवृत्त झाले.

आपल्या शाळेतील पद लहान असेल. त्यापायी शाळा सोडण्याचा प्रसंग कोणावर येणार नाही. पण पद लहान असले तरी प्रश्न तोच असतो. छातीवर बिल्ला लावताना प्रत्येक प्रतिनिधीने तो स्वतःला विचारावा: हा बिल्ला मला कोणी दिला आणि त्यांच्यासाठी मी आज काय केले? ज्याला हा प्रश्न रोज आठवतो, त्याला पदाचा भार पेलतो. आणि मग मानही त्याला शोभतो.