भोंगा का रुसला?



एरवी आपण भाताच्या रोपवाटिकेबद्दल, नाहीतर करप्याबद्दल बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. घराला आणि गोठ्याला चोरापासून किंवा अडीअडचणीला उपयोगी पडावा म्हणून जो भोंगा बसवतात, त्याच्याबद्दल बोलू. हा विषय शेतीचा नाही असे म्हणू नका. ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत, ज्याची पाण्याची मोटर नदीकाठी उघड्यावर आहे आणि ज्याची मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्याच्या घरचाच हा विषय आहे.

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे) हा आपला मुलूख डोंगराचा. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, तर दुसरी पलीकडच्या टेपावर. पूर्वी घरोघर माणसे होती, गावाला जागल्या होता. एकाने हाळी दिली की दहा जण काठ्या घेऊन धावत. आता पुष्कळ घरांत म्हातारा-म्हातारी दोघेच उरली आहेत. हाळी द्यायला छातीत दम नाही. म्हणून हाळीच्या जागी भोंगा आला.

धोक्याची सूचना वेळेवर मिळणे किती मोलाचे असते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातलेच पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. घराच्या भोंग्याचेही तसेच आहे. भिंतीवर टांगलेला भोंगा शोभेचा नव्हे. तो ऐन वेळी वाजला पाहिजे आणि ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास असला पाहिजे.

माझ्याच हातची चूक

माझे थोरले बंधू, आमचे दादा, आणि वहिनी वेल्ह्याकडच्या एका वाडीत राहतात. चार वर्षांपूर्वी पुतण्याने सुरक्षेची एक पेटी आणून बसवली. दाराला चुंबकी खटका, पडवीत हालचाल ओळखणारा सेन्सर, वहिनींच्या उशाशी धोक्याचे बटण आणि ओटीवर एक लहान भोंगा. तो वाजे चांगला, पण आवाज ओढ्यापलीकडे जाईना. मी म्हणालो, "दादा, गोठ्यावर दुसरा मोठा भोंगा लावू." घरात बेलची बारीक वायर पडली होती. ती ४० मीटर ओढली, पहिल्या भोंग्याच्याच जोडणीत दुसरा जोडला, दोन सेकंद वाजवून पाहिला आणि चहा पिऊन मी भोरला परत आलो.

पावसाळा लागला तसा भोंगा रात्री-अपरात्री आपोआप वाजू लागला. पहिल्या वेळी पलीकडच्या वाडीतून पाच माणसे बॅटऱ्या घेऊन आली. दुसऱ्या वेळी दोन आली. चौथ्या वेळी कोणीच आले नाही.

भाद्रपदातल्या एका रात्री लाईट गेली होती. दादा गोठ्यात गेले आणि घेरी येऊन पडले. वहिनींनी बटण दाबले. भोंगा 'कूं' करून गप्प झाला. जितक्यांदा दाबावे तितक्यांदा तेच. घरात मोबाईलला रेंज नाही. त्या माऊलीने अंधारात, चिखलातून, अनवाणी ओढा ओलांडून पलीकडची वाडी गाठली. पोरांनी दादांना उचलून गाडीत घातले, दवाखान्यात नेले. दादा वाचले. त्या पोरांपैकी एक नंतर मला म्हणाला, "काका, आवाज आला होता. पण आम्हाला वाटलं, नेहमीसारखाच."

वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी मी मीटर घेऊन बसलो आणि जे आधी करायला हवे होते ते क्रमाने केले. तोच क्रम तुम्हाला सांगतो. पिकावर रोग दिसला की आपण मूळ, खोड, पान असे क्रमाने पाहतो. इथेही तसेच करायचे.

हात लावण्याआधी

पेटी बंद अवस्थेत ठेवा, लाईटचा पिन काढा, बॅटरीची एक तार सोडवा. भोंगा मोठा असेल तर आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. शिडीवर चढलेला माणूस कानाशी भोंगा वाजला तर दचकून खाली पडायचा. कानात कापूस घाला आणि शिडी धरायला माणूस ठेवा. घरच्या लाईटच्या वायरिंगला हात लावायचा झाला तर ते काम वायरमनचे, आपले नव्हे.

१. भोंगा चांगला आहे का?

भोंगा काढून सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा. लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. खणखणीत वाजला तर भोंग्यात दोष नाही. दोष मागे कुठेतरी आहे. तारा उलट लागल्या तर बहुतेक भोंगे वाजत नाहीत आणि काही तर बिघडतात. दोन भोंगे असतील तर दोघांच्या लाल तारा एकत्र आणि काळ्या तारा एकत्र जोडाव्यात. एकामागे एक असे साखळीने जोडले तर १२ व्होल्ट दोघांत वाटले जातात आणि दोघेही कुजबुजतात.

२. बॅटरीला ओझे पेलते का?

इथेच आमचा पहिला चोर सापडला. पेटीतली बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची असते. तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षे, आणि लाईट वारंवार जात असेल तर त्याहून कमी. लाईटचा पिन काढून मी मोकळ्या बॅटरीवर मीटर लावला, तर १२.५ व्होल्ट. म्हणजे दिसायला ठीक. पण बटण दाबताच काटा ९ च्या खाली आला. व्होल्ट पडले की पेटी बंद पडते, भोंगा थांबतो. ओझे उतरले की बॅटरी पुन्हा सावरते, पेटी पुन्हा सुरू होते. 'कूं' करून गप्प होण्याचे कारण हेच. मी पहिल्या दिवशी तपासले तेव्हा लाईट होती, म्हणून दोष झाकला गेला.

म्हातारा बैल गोठ्यात उभा असताना तगडा दिसतो. त्याची ताकद नांगराला जुंपल्यावरच कळते. म्हणून बॅटरी नेहमी ओझ्याखाली मोजा. लाईट बंद ठेवून भोंगा एक मिनिट वाजवा. या वेळात व्होल्ट साडेअकराच्या आसपास टिकले पाहिजेत. पार खाली गेले तर बॅटरी बदला.

३. वायर बारीक तर नाही?

पाटाचे पाणी लांबच्या वाफ्याला पोचेपर्यंत जसे आटते, तसे वायरमध्ये व्होल्ट आटतात. आमची वायर अर्धा चौरस मिलिमीटरची. जाणे ४० मीटर आणि येणे ४० मीटर, म्हणजे ८० मीटर तांबे. एवढ्या वायरचा अडथळा सुमारे ३ ओहम होतो. भोंगा १ अँपिअर खातो असे धरले तर ३ व्होल्ट वाटेतच गेले. गोठ्यावर १२ च्या जागी ९ पोचले. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तेव्हा तूट १ व्होल्टवर आली. भोंगा वाजत असताना त्याच्या टोकाशी मीटर लावा, म्हणजे नेमकी तूट कळेल.

४. पेटीची ताकद किती?

पेटीच्या पुस्तकात भोंग्याच्या जोडणीतून किती अँपिअर घेता येतात ते लिहिलेले असते. दोन्ही भोंग्यांची बेरीज त्याहून जास्त होत असेल तर दुसरा भोंगा रिलेवर घ्यावा. गाडीच्या हॉर्नला लागतो तो चार टोकांचा १२ व्होल्टचा रिले स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. टोकांवर आकडे असतात. पेटीच्या भोंगा-जोडणीच्या दोन तारा ८५ आणि ८६ वर. वेगळ्या बॅटरीचे धन टोक ५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० वर. ८७ वरून भोंग्याची लाल तार. काळी तार त्याच बॅटरीच्या ऋण टोकाला. ८५ आणि ८६ च्या मध्ये एक लहान डायोड लावावा, त्याची पट्टीची बाजू धन तारेकडे. नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका पेटीला मारतो. ही दुसरी बॅटरी भरती राहण्यासाठी गोठ्यावर लहान सोलर पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर लावला की काम झाले.

५. भोंगा थांबतच नसेल तर

काही बाहेरच्या भोंग्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. चोराने वायर कापली तर तो वाजावा अशी ती योजना. पेटीकडून कायम येणारी तार सुटली किंवा झाकणाखालचा खटका नीट दाबला गेला नाही, तरी तो ओरडत राहतो. आधी झाकण घट्ट बसवा, मग तार पाहा.

६. आपोआप वाजत असेल तर

विश्वास घालवणारा दोष हाच. आमच्याकडे तीन कारणे निघाली. पावसाने लाकडी दार फुगले होते, त्यामुळे खटका आणि चुंबक यांत अंतर पडले होते. पडवीतल्या सेन्सरसमोरून मांजर जात होते. आणि वायरचा एक जोड उघडा राहून त्यात पाणी शिरले होते.

तुम्हीही पाहा. सेन्सरचे तोंड चुलीकडे, उन्हाच्या कवडशाकडे किंवा कोंबड्यांच्या खुराड्याकडे नको. त्याच्यावरचे कोळ्याचे जाळे पुसत जा. जोड डबीत बंद करा. भोंगा वळचणीखाली, तोंड थोडे खाली करून लावा आणि आत शिरण्यापूर्वी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही पाहा. मोटरच्या किंवा रानडुकरांसाठी लावलेल्या झटका यंत्राच्या तारेला खेटून ही वायर नेऊ नका. एक हात अंतर ठेवा.

आणि एक हात जोडून विनंती. भोंग्याचा भरवसा नाही म्हणून कुंपणात किंवा दाराच्या कडीत घरच्या लाईटचा करंट सोडू नका. त्याने चोर मरो न मरो, घरचे पोर मरते. हा गुन्हाही आहे.

७. भोंग्यामागे माणसे हवीत

भोंगा तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असे लावा. खोटा वाजला तर लगेच शेजाऱ्यांना तसे कळवा. आपल्या पोलीस पाटलांना भोंगा कुठे आहे ते सांगून ठेवा. पुणे जिल्ह्यात पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. तिच्या क्रमांकावर एकाने सूचना दिली की साऱ्या गावाचे मोबाईल वाजतात. घरच्या सर्वांचे क्रमांक तिच्यात नोंदवा. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आहेच. पण जिथे रेंज नाही तिथे भोंगाच खरा.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता दादांच्या घरी लाईटचा पिन काढतात आणि वहिनी स्वतः बटण दाबतात. साऱ्या वाडीला ती वेळ माहीत आहे. भोंगा एक मिनिट वाजतो. तो थांबला की वहिनी अंगणात येऊन उभ्या राहतात. ओढ्यापलीकडून तोच मुलगा हाळी देतो, "आला हो काकू, आवाज आला!"

ती हाळी ऐकल्याशिवाय वहिनी आत जात नाहीत. तुम्हीही येत्या रविवारी पिन काढून बटण दाबून पाहा, आणि पलीकडून हाळी येते का ते ऐका.