काचेच्या पेटीनंतरची दोन वर्षं

दिवाळी सरता सरता पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, काही याच जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांवर. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे आहेत, तर दक्षिणेला अवर्षण. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा प्रश्न इथे या स्थलांतराला धरूनच समजून घ्यावा लागतो. अशा बाळाची पहिली दोन वर्षं ठरल्या तारखांना तपासणी व्हावी लागते, आणि तेवढ्यात त्याच्या आईबापाची कोपी तीन ठिकाणी हललेली असते.

2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळं 37 आठवडे भरण्याआधी जन्मली. जगातल्या अशा जन्मांपैकी हा पाचव्या हिश्श्याहून मोठा वाटा. त्यांतली 32 आठवड्यांच्या आतली बाळं संख्येने थोडी, पण सर्वाधिक जोखमीची. पूर्वी त्यांतली बहुतेक दगावत. आता सरकारी रुग्णालयांतही नवजात अतिदक्षता कक्ष आहेत. ‘बाळ काचेत ठेवलंय’ हे वाक्य खेड्यापाड्यांत सवयीचं झालं आहे. बाळ वजन धरतं, घरी येतं, आणि घरच्यांना वाटतं की संकट टळलं. मात्र मेंदूच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीचे जे आठवडे गर्भाशयात जायचे, ते या बाळाने बाहेर, सुया आणि नळ्यांच्या सोबतीने काढलेले असतात.

त्याचा पुढे काय परिणाम होतो, याचा महाराष्ट्रातला उत्तम पुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा आहे. डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. ठळक अपंगत्व नसलेल्या या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी. दिवस अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी, अशी दुहेरी तूट असलेली मुलं सर्वांत मागे राहिली. बाराव्या वर्षी अडचण दिसली ती डोळा आणि हाताच्या मेळात, वाचनात आणि गणितात. म्हणजे शाळेत जी मुलं ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातात, त्यांच्यातल्या काहींची कहाणी काचेच्या पेटीत सुरू झालेली असू शकते.

डोळ्यांच्या बाबतीत तर उशिराला माफीच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. म्हणून 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, आणि 28 आठवड्यांच्या आतल्यांचे दोन-तीन आठवड्यांतच, असा भारतातला दंडक आहे. गरज निघाली तर लेझर उपचार दोन-तीन दिवसांत करावा लागतो. 1996 मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात 29 व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे 1 कोटी 80 लाखांची भरपाई दिली.

बाकीचं काम संथ आहे, आणि ते घरातच व्हायचं असतं. त्याची सुरुवात वय मोजण्यापासून होते. 28 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की बारा आठवडे वजा करून ते तीन महिन्यांचं धरायचं; हे त्याचं दुरुस्त वय. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालतो. तो केला नाही तर आजी उगाच घाबरते. आणि दुरुस्त वयानेही बाळ मागे असेल, तर ‘त्याचा मामाही उशिराच चालला होता’ ही समजूत महिने वाया घालवते. जागेपणी पोटावर पालथं ठेवणं, समोर चेहरा धरून बोलणं, दोन्ही हात छातीशी आणून खेळवणं, वॉकर टाळणं, हे फिजिओथेरपिस्ट आईला शिकवतो. जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष मोजका आहे: अशा मदतीने आकलनाला होणारा फायदा शाळापूर्व वयापर्यंत टिकतो, हालचालींवर परिणाम थोडा, आणि शालेय वयात फरक विरत जातो. म्हणूनच शाळेत गेल्यावरही मुलावर लक्ष ठेवणं भाग आहे.

सरकारी योजनेत याची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञापासून वाचा-उपचारतज्ज्ञापर्यंत सगळे एका छताखाली असावेत, अशी रचना आहे. कमी वजनाच्या बाळाकडे आशाताईने दर तीन महिन्यांनी जावं, अशीही सूचना आहे. अडचण अंतराची आणि हंगामाची. जामखेडहून जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे नगर, सत्तर किलोमीटरच्या पुढे; एक फेरी म्हणजे बुडालेला रोज. आणि टोळी निघाली, की गावची आशा बंद दारावर येते.

याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा तिथला बालमृत्युदर हजारामागे 176 होता. दोन दशकांत तो एक तृतीयांशाहून खाली आला. बदलाचा कणा होत्या गावातल्याच, बहुतेक निरक्षर बाया. गुंतागुंतीचं ज्ञान उंबरठ्यापर्यंत नेता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. दुरुस्त वयाचा हिशेब आणि बाळाचे चार व्यायाम त्याहून अवघड नाहीत.

राहतो प्रश्न टोळीबरोबर गेलेल्या बाळाचा. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर येणार, हे हंगामाआधी मुकादमाला आणि कारखान्याला ठाऊक असतं, कारण उचल दिलेली असते. त्या यादीत दोन वर्षांखालच्या मुलांचा आणि काचेतून आलेल्या बाळांचा एक रकाना वाढवावा, ती कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी, आणि रुग्णालयाच्या सुटीच्या कागदावर मूळ अपेक्षित तारीख व पुढच्या डोळेतपासणीचा दिवस ठळक लिहिलेला असावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी यंत्रणाही नाही. ज्या व्यवस्थेला मजुराचा ठावठिकाणा पैशांसाठी अचूक ठेवता येतो, तिला त्याच्या बाळाचा ठेवता येत नाही असं म्हणायला जागा नाही.